धरणात डिंगी पाण्यावरच ठेवायची तर

प्रश्न : पानशेतच्या फुगवट्याला लागून माझ्या मेहुण्याचं शेत आहे. तिथे आमची फायबरची जुनी एंटरप्राइज डिंगी (दोघांनी चालवायची शिडाची लहान नाव) असते. दर शनिवारी जाऊन नाव काठावरून ओढत पाण्यात न्यायची आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा वर आणायची, हे आता आम्हा नवरा-बायकोच्या पाठींना झेपत नाही. फेब्रुवारीनंतर तर मधला चिखलच शे-दीडशे फुटांचा होतो. म्हणून गेल्या दिवाळीनंतर पन्नास किलोचा काँक्रीटचा ठोकळा पाण्यात सोडला, त्याला पंधरा मीटर निळा प्लास्टिकचा दोर लावला, वर रिकामा कॅन बांधला आणि नाव तिथेच ठेवू लागलो. डोलकाठी उभीच होती, वरून ताडपत्री घातलेली होती. एप्रिलमध्ये दोन संध्याकाळी वळीव झाला. पुढच्या शनिवारी जाऊन पाहतो तर नाव पालथी, मूळ जागेपासून बरीच लांब, काठी वाकलेली. दोर तुटला नव्हता, गाठही सुटली नव्हती. मग चुकलं कुठे? नीट बांधली तर पावसाळ्यातही ठेवता येईल का? आणि वाकलेली काठी सरळ होईल का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : नमस्कार. मधल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात लहान आहे, ते आधी देतो. पावसाळ्यात ठेवता येणार नाही. कारण पुढे येईलच.

दोर आणि गाठ शाबूत होती हे तुम्ही कळवलंत ते बरं झालं, कारण त्यावरून झालेला प्रकार बऱ्यापैकी जुळवता येतो. बहुतेक लोक अशा वेळी जाड दोर आणायला धावतात. तुमची नाव दोरामुळे गेलेली नाही. आधी ती आतून भरली, भरल्यामुळे कलंडली आणि कलंडल्यावर तिचा ठोकळा ओढला गेला. क्रम असाच असणार.

हिशेब बघा. एंटरप्राइजची बसायची उघडी जागा साधारण तीन चौरस मीटर. तिच्यात ५० मिलिमीटर पाऊस पडला की १५० लिटर पाणी, म्हणजे १५० किलो. नावेच्या नुसत्या सांगाड्याचं वजन ९४ किलोच्या आसपास. एका वळवात नावेच्या दीडपट वजनाचं पाणी आत बसलं. ताडपत्री सपाट ताणलेली असेल तर आणखी वाईट, कारण तिला मध्ये झोळ येतो, डेकवर पडणारं पाणीही त्या झोळात जमतं आणि एखादी कडी निसटली की ते सगळं एकदम आत ओतलं जातं. आतलं पाणी जागेवर बसून राहत नाही. नाव दहा अंश कलली की तेही त्याच बाजूला धावतं, कल वाढवतं आणि मग आणखी धावतं. एंटरप्राइज ही शर्यतीची, हलकी नाव. तिला सरळ ठेवायचं काम एरवी आत बसलेल्या दोन माणसांचं असतं. माणसं नाहीत, काठी उभी आहे, आत पाच सेंटिमीटर पाणी हिंदकळतं आहे, अशा अवस्थेत तिला आडवं करायला वादळ लागत नाही. एप्रिलमध्ये तिथे खोली फार उरली नसणार. सहा मीटरपेक्षा लांब काठीचं टोक गाळात रुतलं आणि वाऱ्याने वरून नाव ढकलली. काठी तिथे वाकली.

आता ठोकळा. काँक्रीट पाण्यात आपलं चाळीस टक्क्यांहून जास्त वजन गमावतं. तुमचा ५० किलोचा ठोकळा तळाशी फक्त २९ किलोचा होता. गाळावर आडवा ओढला तर तो त्याच्या पाण्यातल्या वजनाच्या साधारण निम्म्या ओढीला सरकतो, म्हणजे १५ किलोला. काठी उभी असलेल्या, वाऱ्याला तोंड करून डुलणाऱ्या डिंगीवर ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब जवळपास तेवढाच येतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे ताशी ८० च्या झोताला तोच आकडा ६० किलोवर जातो. नाव आडवी फिरली तर त्याहून जास्त. वळवाच्या तोंडावर जो पहिला थंड झोत येतो, तो ताशी ६०-७० सहज असतो. थोडक्यात, नाव पालथी झाली नसती तरी तो ठोकळा जागेवर राहिला नसता.

नवा ठोकळा दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि एक फूट उंच करा. चार घनफूट काँक्रीट, वजन २७० किलोच्या आसपास, पाण्यात १६० किलो. सरकायला ८० किलोची ओढ लागेल आणि गाळात थोडा बसला की त्याहून बरीच जास्त. एक गोणी सिमेंट, दीड गोणीच्या मापाची वाळू, तीन गोण्यांच्या मापाची खडी, एवढा माल पुरतो. उंच ठोकळा करू नका, तो कलंडतो. बसका आणि पसरट हवा. शक्य असेल तर खालचा पृष्ठभाग मध्ये थोडा खोलगट ठेवा, म्हणजे गाळ धरून ठेवतो. कडीसाठी २० मिलिमीटरची साधी गोल सळई घ्या, ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवा, दोन्ही पाय आत खोलवर जाऊ द्या आणि त्यांची टोकं १० मिलिमीटरच्या सळयांच्या जाळीखाली आकड्यासारखी अडकवा. नुसती सरळ टोकं काँक्रीटमध्ये खुपसलेली कडी हिसक्यांनी ढिली होते. गावात गवंडी असतोच, पण त्याला हे आकड्यांचं आधी नीट सांगा. नाहीतर तो हाताशी असलेली आठ मिलिमीटरची सळई वाकवून मोकळा होईल.

पावणेतीनशे किलो पाण्यात नेणार कसं, हा प्रश्न समुद्रावर पडतो. धरणात तो पडत नाही. मे महिन्यात पाणी उतरलेलं असतं, तेव्हा उघड्या पडलेल्या तळावर जाऊन ठोकळा जागेवरच ओता. सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा, चौदा ठेवलात तर उत्तम. पाणी आपणहून त्याच्यावर चढेल. काम करण्याआधी तीस मीटरची टेप घेऊन त्या तळावरून गोल फिरून या. बुडिताखाली गेलेल्या शेतांचे बांध, विहिरींचे कठडे, झाडांचे बुंधे तुम्हाला तिथे दिसतील. जागा अशी निवडा की तिच्याभोवती तीस मीटरपर्यंत त्यातलं काही नाही आणि तळ मुरमाचा किंवा खडकाचा नसून गाळाचा आहे. मुरमावर ठोकळा घसरतो. जागेची नोंद फोनमध्ये करून ठेवाच, पण दोन खुणांच्या रेषाही लिहून ठेवा : मेहुण्याच्या शेतातला अमुक आंबा आणि मागच्या टेकडीचं टोक एका रेषेत, दुसऱ्या बाजूला असंच काहीतरी. ऑक्टोबरमध्ये बारा मीटर पाण्याखालचा ठोकळा शोधताना फोनपेक्षा आंबा जास्त उपयोगी पडतो.

मात्र हे सगळं जलसंपदा विभागाच्या लेखी परवानगीनंतर. जलाशय आणि त्याच्या काठची संपादित जमीन विभागाच्या ताब्यात असते, मेहुण्याचं शेत तिच्या वरच्या बाजूला संपतं. परवानगी मागताना नावेची लांबी, इंजिन नसल्याचा उल्लेख आणि जागेचा साधा नकाशा जोडा. गावातल्या मासेमारी करणाऱ्यांशीही आधी बोला. त्यांची जाळी कुठे लागतात हे त्यांनाच ठाऊक असतं आणि बोयाखालच्या, म्हणजे ठोकळ्याच्या वर तरंगणाऱ्या पिंपाखालच्या, साखळीत जाळं अडकलं तर नुकसान त्यांचं होतं.

धरणातली खरी मेख पाण्याच्या पातळीत आहे. समुद्राची भरती-ओहोटी ठरलेली, दिवसातून दोनदा येऊन जाते. धरणाची ओहोटी ऑक्टोबरात सुरू होते आणि जूनपर्यंत चालते. पानशेतचं पाणी खाली खडकवासल्यात सोडतात, तिथून ते शहराला आणि कालव्याला जातं. त्यामुळे खडकवासल्याची पातळी मर्यादेत खालीवर होते आणि पानशेतची मात्र वर्षभरात कित्येक मीटरने उतरते. वर्तमानपत्रात साठ्याची टक्केवारी येते, तिच्यावरून खोलीचा अंदाज बांधायला जाल तर फसाल. धरण वर पसरट आणि खाली अरुंद असतं. ९० टक्क्यांवरून ८० वर येताना पातळी जेवढी उतरते, त्याहून ती ३० वरून २० वर येताना जास्त उतरते. त्यामुळे दर पंधरवड्याला खोली स्वतः मोजा. किलोभर वजन बांधलेली, दर मीटरला गाठ मारलेली दोरी पुरते.

अशा जागी बोयापर्यंत दोर लावण्यात अर्थ नाही. १२ मीटर पाण्यासाठी कापलेला दोर चार मीटर पाण्यात ढिला पडतो. तुमचा निळा दोर तर तरंगणारा, तो पृष्ठभागावर वेटोळी घालून सुकाणूत आणि सेंटरबोर्डात (नावेच्या पोटातून पाण्यात सोडायच्या फळीत) अडकतो. बुडणारा दोर असेल तर तळाच्या दगडांवर घासून झिजतो. म्हणून ठोकळ्यापासून बोयापर्यंत सबंध साखळीच लावा : आठ मिलिमीटरची, आखूड कड्यांची, गरम जस्ताचा मुलामा दिलेली. लांबी सगळ्यात जास्त खोलीच्या पावणेदोन पट, म्हणजे १२ मीटरला २१ मीटर. पाणी उतरलं की जादा साखळी मुकाट्याने तळावर पडून राहते, पाणी असेल तेवढीच वर उचलली जाते आणि झोत आला की तिचं वजन हिसका खाऊन टाकतं. तिचं वजन मीटरला सुमारे १.४ किलो. बारा मीटर लोंबणारी साखळी पाण्यात पंधरा किलोच्या आतबाहेर भरते, म्हणून बोया किमान ४० लिटरचा, फोमने भरलेला घ्या. रिकामा कॅन नको. उन्हाने त्याचा कान तडकतो आणि सगळं एकदम तळाला जातं. बोया भार वाहण्यासाठी नसतो हेही ध्यानात असू द्या. साखळी त्याच्या मधल्या भोकातून किंवा लोखंडी दांड्यातून आरपार गेली पाहिजे आणि नावेचा दोर साखळीला बांधलेला पाहिजे, बोयाच्या प्लास्टिकच्या कडीला नाही.

साखळीच्या वरच्या टोकाला एक गरगर फिरणारी कडी लागते, स्विव्हल म्हणून मिळते. ती नसेल तर नाव वाऱ्याबरोबर गोल फिरते आणि साखळीला पीळ बसून ती आखडत जाते. सगळे शॅकल (पिनेने बंद होणाऱ्या जोडकड्या) साखळीपेक्षा एक माप मोठे, म्हणजे दहा मिलिमीटरचे, आणि तेही जस्ताच्या मुलाम्याचे घ्या. स्टेनलेसचं सामान जस्ताच्या साखळीला जोडलं की जस्त आधी झिजतं. शॅकलची पिन आवळल्यावर तिच्या डोळ्यातून तार ओवून ती जागच्या जागी बांधून टाका. बांधकामाची बाइंडिंग तार नको, ती सहा महिन्यांत गंजून तुटते आणि पिन हळूहळू फिरत बाहेर येते. इथे मात्र पातळ स्टेनलेसची तार चालते, नाहीतर काळे नायलॉनचे दोन केबल टाय.

साखळीपासून नावेपर्यंत तीन मीटर नायलॉन दोर, १४ मिलिमीटरचा. बारा मिलिमीटरचा नवा नायलॉनसुद्धा तुटायला दोन टनांहून जास्त ओढ लागते, तेव्हा १४ चा आग्रह ताकदीसाठी नाही, झिजेसाठी आहे. रविवार पेठेत बोहरी आळीत दोर घ्यायला गेलात तर नायलॉन म्हणून जे पुढे येईल ते पुष्कळदा पॉलिप्रॉपिलिन असतं. ओळखायची रीत सोपी. बोटभर तुकडा बादलीत टाका. तरंगला तर नायलॉन नाही. तरंगणारा दोर आपल्या उन्हात एक-दोन उन्हाळ्यांत खरखरीत होतो, हातात भुसा येऊ लागतो आणि आतून त्याची ताकद कधीच गेलेली असते. नायलॉन ताणला जातो, हाच इथे त्याचा गुण. साखळीकडच्या टोकाला धातूची वाटी (थिंबल) बसवून दोर विणून घ्या. विणता येत नसेल तर नांगराची गाठ मारून तिचं मोकळं टोक सुतळीने मुख्य दोराला घट्ट बांधा.

नावेकडचं टोक कुठे बांधायचं, यात फार जण चुकतात. पुढच्या डेकवरची लहानशी कडी बहुतेक वेळा दोन स्क्रूंवर असते. ती शनिवारी पाच मिनिटं काठाला टेकवायला ठीक. दोर नावेच्या नाकावरच्या खाचेतून आत घ्या आणि काठी उभी असेल तर तिच्या बुंध्याला, एरवी आरपार बोल्ट असलेल्या आडव्या फळीला बांधा. नाकावरच्या खाचेत जिथे तो घासतो तिथे दीड फूट लांबीचा जुन्या अग्निशामक पाइपचा कापडी तुकडा चढवा आणि तो सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना शिवून टाका. दोर तुटलेल्या बहुतेक नावांचा दोर याच वितभर जागेत तुटलेला असतो. शिवाय एक दुसरा दोर, पहिल्यापेक्षा अर्धा मीटर लांब, थेट साखळीपासून नावेच्या दुसऱ्या भक्कम जागेपर्यंत ढिला सोडून ठेवा. पहिला गेला तर हा धरतो. दोघांना एकाच शॅकलमध्ये अडकवू नका, नाहीतर दुसऱ्याचा उपयोगच राहत नाही.

बांधणीचं एवढं पुरे. नावेला खरा धोका पाण्याचा आहे हे वर आलंच, आणि त्याला उपाय तीन.

पहिला, काठी. दोन दिवसांहून जास्त काळ नाव सोडून जायची असेल तर डोलकाठी उतरवा आणि आडवी नावेवर बांधून ठेवा. एंटरप्राइजची काठी दोन माणसं दहा मिनिटांत उतरवतात, आणि वाऱ्याचा निम्म्याच्या आसपास दाब त्याबरोबर जातो. ज्यांना ते अगदीच जमत नाही त्यांनी काठीच्या टोकाला दहा लिटरचा घट्ट झाकणाचा रिकामा कॅन चढवून ठेवावा. नाव आडवी झाली तरी तो तिला पालथी होऊ देत नाही. हा दुय्यम उपाय आहे. सुकाणू काढून घरी न्या, सेंटरबोर्ड पूर्ण वर घेऊन बांधून टाका. खाली राहिलेला बोर्ड पाणी उतरलं की तळाला टेकतो आणि त्याच्या खाचेत खडे बसून तो कायमचा अडकतो. शिडं तर पाण्यावर ठेवायचीच नाहीत.

दुसरा, ताडपत्री. निळी प्लास्टिकची ताडपत्री एक उन्हाळा काढत नाही, पीव्हीसीचा लेप असलेली जाड कापडी घ्या. बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) किंवा उतरवलेली डोलकाठी नावेच्या मधोमध, टोकापासून टोकापर्यंत आढ्यासारखी उंच बांधा आणि ताडपत्री तिच्यावरून दोन्ही बाजूंना उतरती सोडा. उतार घराच्या कौलांइतका हवा. कडा नावेच्या काठाबाहेर वितभर लोंबू द्या आणि दोऱ्या नावेच्या पोटाखालून पलीकडे नेऊन आवळा. काठाच्या कड्यांना बांधलेली ताडपत्री वाऱ्याने उचलली जाते, पोटाखालून आवळलेली जात नाही. पुढे-मागे हाताच्या पंजाएवढ्या फटी ठेवा, हवा खेळली नाही तर आत बुरशी धरते. घरी निघण्याआधी दोन बादल्या पाणी वरून ओता आणि कुठे साचतं ते बघा. साचलं तर आढं उंच करा.

तिसरा, बुचं, म्हणजे नावेतलं पाणी काढून टाकायच्या भोकांची. पाण्यात बूच लावलेलं, जमिनीवर काढलेलं. हे इतकं साधं असूनही नेमकं उलटं होतं, म्हणून बूच दोरीने नावेलाच बांधा आणि जादा एक गाडीत ठेवा. तुमच्या नावेला तळाशी सेल्फ-बेलर असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका. तो नाव वेगात असतानाच पाणी ओढून बाहेर टाकतो. उभ्या नावेत उघडा राहिला तर त्यातूनच पाणी आत येतं. बोयावर तो बंद, आणि त्याचा रबर कडक झाला असेल तर बदललेला हवा. बाजूच्या हवेच्या टाक्यांची झाकणं पाण्यात घट्ट, जमिनीवर उघडी. टाकी गळते का हे पाहायला बुचाच्या भोकात लहान नळी घालून तोंडाने हळूच फुंका आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. फुगे येतील तिथे गळती. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावू नका, सांधे फुटतील. टाक्या धड असतील तर नाव भरली तरी तरंगते आणि बादलीने उपसता येते. टाकीतच पाणी गेलं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

पंपाचा विचार तुमच्या मनात येईलच. ताशी दोनेक हजार लिटरचा लहान १२ व्होल्ट पंप, पाणी चढलं की आपोआप चालू होणारा स्विच, स्कूटरला असते तेवढी सात अँपिअर-तासाची बॅटरी आणि वर दहा-वीस वॉटचं सौर पॅनेल, एवढ्यावर एखादा वळीव निघून जातो. पण स्विचखाली एक आंब्याचं पान अडकलं की तो चालू होत नाही, किंवा बंद होत नाही आणि बॅटरी संपवतो. पंप ताडपत्रीच्या जोडीला ठेवा, तिच्याऐवजी नको.

या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे गावातला एखादा माणूस. महिन्याचे ठरावीक पैसे द्या आणि पाऊस झाला की त्याच दिवशी काठावरून फोटो पाठवायला सांगा. नाव पाण्यात किती खाली बसली आहे, हे कळण्यासाठी नावेच्या बाजूला पाण्याच्या रेषेवर रंगीत पट्टी चिकटवून ठेवा. फोटोत पट्टी दिसेनाशी झाली की समजायचं, आत पाणी आहे. आणि त्या माणसाला लाइफ जॅकेट द्या. नावेवर जाऊन उपसण्याचं काम त्याला जॅकेटशिवाय सांगू नका. तुम्ही स्वतःही बोयापर्यंत पोहत जाऊ नका. फुगवणारी लहान नाव किंवा एखाद्या कोळ्याची होडी वापरा.

आता वेळापत्रक. पाऊस थांबून आवक ओसरली, साधारण ऑक्टोबरचा मध्य, की नाव बोयावर लावा. त्या जागेची खोली दोन मीटरवर आली की तिथला मुक्काम संपला. त्याखाली नाव लाटेत ठोकळ्याच्या कडीवर आपटू शकते. तुमच्या जागेवर हे फेब्रुवारीत होईल की मार्चमध्ये, ते त्या वर्षीच्या आवर्तनांवर ठरेल. त्यानंतर वळीव संपेपर्यंत नाव जमिनीवर ठेवा आणि शनिवार-रविवारी तेवढी पाण्यात न्या. पाठीच्या दुखण्यावर रुंद टायरची ट्रॉली करून घ्या. चिखलात चाकं रुततात तिथे पुढे दोन फळ्या आळीपाळीने टाकत जा. ट्रॉली नसेल तर चार इंची जाड पीव्हीसी पाइपचे चार तुकडे खाली घालून मागचा तुकडा पुढे आणत सरकवलं तरी ९४ किलो दोघांना जड जात नाही.

हंगामातही दर तीन-चार आठवड्यांनी नाव चार दिवस बाहेर काढून वाळवा. फायबरची नाव सतत गोड्या, कोमट पाण्यात राहिली की पाणी वरच्या थरातून झिरपतं आणि बुडाला फोड येतात. बुडाला लागणारं शेवाळ स्पंजने पुसून निघतं. समुद्रातल्या नावांना लावतात तो तांब्याचा विषारी रंग इथे अजिबात लावू नका. पुण्याच्या नळाला येणारं बहुतेक पाणी पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला याच साखळीतून येतं.

पावसाळ्यात का नको, त्याचं कारणही पातळीतच आहे. जुलैत जोराच्या पावसात धरण काही दिवसांत कित्येक मीटर चढतं. तळावर पडलेली साखळी एखाद्या बांधाच्या दगडात अडकली असेल तर पाणी वर चढतं आणि नावेचं नाक मात्र खालीच धरून ठेवलं जातं. ती तशीच भरते. साखळी अडकली नसली, तरी १०० मिलिमीटर पावसाचा एक दिवस म्हणजे तुमच्या नावेत तीनशे लिटर, आणि घाटमाथ्याजवळ असे दिवस ओळीने येतात. वाहून येणारे ओंडके वेगळेच. मेअखेर नाव धरणाच्या पूर्ण पातळीच्या रेषेच्या वर न्या. ही रेषा काठावर दिसते, तिच्याखाली झाडोरा नसतो. जुन्या टायरांवर पालथी ठेवा, बुचं आणि टाक्यांची झाकणं काढा आणि जमिनीत ठोकलेल्या चार पहारींना आडवे दोर बांधून आवळा. वाऱ्याने उडालेली पालथी डिंगी शेजारच्या शेताचा बांध सहज ओलांडते.

साखळी आणि ठोकळा तिथेच राहू द्या, बोया मात्र काढून आणा. साखळीच्या टोकाला बारीक दोरी बांधून तिचं दुसरं टोक काठावरच्या, पूर्ण पातळीच्या वरच्या झाडाला न्या, म्हणजे ऑक्टोबरमध्ये शोधाशोध नको. पुढच्या मेमध्ये सगळं उघडं पडेल तेव्हा प्रत्येक कडी हातात घेऊन बघा. झीज कड्या एकमेकींना टेकतात त्या आतल्या बाजूला असते, वरून दिसत नाही. आठ मिलिमीटरची कडी तिथे सहावर आली की तो तुकडा बदला. ठोकळ्याची २० मिलिमीटरची कडी पंधरावर आली की शेजारी नवा ठोकळा ओता.

राहिली काठी. अॅल्युमिनियमची नळी कमानीसारखी लांबवर, सावकाश वाकली असेल आणि कुठेही सुरकुती किंवा चपटा भाग नसेल, तर दोन लाकडी ठोकळ्यांवर गोणपाट घालून थोडा थोडा दाब देत ती सरळ करता येते. जिथे नळीला बोटाला लागणारी घडी पडली आहे तिथे मात्र सरळ करण्याच्या फंदात पडू नका. त्या जागी धातू एकदा मोडीला आलेला असतो आणि उलटा वाकवला की चिरतो. तो भाग कापून काढा, आत घट्ट बसणारी अॅल्युमिनियमची नळी सांध्याच्या दोन्ही बाजूंना फूटभर जाईल अशी घाला आणि पॉप रिव्हेटने जोडून घ्या. रिव्हेट एका ओळीत मारू नका, आडवेतिडवे पसरून मारा. काठी पुन्हा उभी करण्याआधी बाजूच्या तारा ज्या पट्ट्यांना बांधल्या जातात त्यांचे बोल्ट आतून तपासा. नाव पालथी असताना काठीची सगळी ओढ त्यांनीच सोसलेली असते. बोल्टभोवती फायबरला केसासारख्या चिरा दिसल्या तर तिथे मागून प्लायवुडची पाठ लावून फायबरचा नवा थर दिल्याशिवाय शीड चढवू नका.